जिंकलेल्या भाच्याला

प्रिय पिंट्या,

तू हरला असतास तर हे पत्र लिहिलंच नसतं. हरलेल्याला त्याचा रिकामा खिसा पुरेसं बोलतो, त्यात मामानं भर घालायची गरज नसते. तू जिंकलास, म्हणून लिहितोय.

परवा जेवताना तू सहज सांगून गेलास. गेल्या नोव्हेंबरात मिशिगनच्या घरी, ॲन आर्बरला झालेल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यावर तू शंभर डॉलर लावले, ओहायो स्टेटनं मिशिगनला २७-९ असं हरवलं आणि सामना संपेपर्यंत तुझ्या मोबाइलवर नव्वद डॉलर नि वर थोडी चिल्लर जमा झाली. मामी वाढता वाढता थांबली. मी नुसतं "बरं" म्हटलं. त्यावर तू म्हणालास, "यंदा तर सामना आपल्याकडंच आहे मामा. घरचं मैदान. डोळे झाकून लावायचे." आणि किती लावणार तेही सांगितलंस. तो आकडा इथं लिहीत नाही, कारण हे पत्र छापून आल्यावर चार जण वाचतील आणि त्यात तुझी आई असणारच. एवढंच म्हणतो, त्या आकड्यात तुझं दोन महिन्यांचं घरभाडं बसतं.

तेव्हा मी बोललो नाही. ताटावरच्या पोराला बोलू नये, असं तुझ्या आज्जीचं म्हणणं असायचं. शिवाय खरं सांगू का, मला राग आला नव्हता. ओळख पटली होती. "घरचं मैदान, डोळे झाकून" हे मी स्वतः याच गावात, याच सामन्याबद्दल, जवळपास याच आवाजात म्हणालेलो आहे. २००६ साली.

मला कोलंबसला येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. फुटबॉल म्हणजे आपला, पायानं खेळायचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हलगीच्या कडकडाटात बघितलेला. इथं हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळतात, त्याला फुटबॉल का म्हणायचं हेच समजत नव्हतं. पण नोव्हेंबर आला आणि गावाचं रूप बदललं. विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल पट्ट्या मारून फुल्या पडल्या. मिशिगनचं नावसुद्धा कुणी घेईना, "ती वरची टीम" म्हणायचं. ही पद्धत वुडी हेज नावाच्या जुन्या कोचची. मला ते बघून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शिवाजी पेठेतल्या माणसासमोर मंगळवार पेठेच्या संघाचं कौतुक केल्यावर त्याचा चेहरा जसा होतो, तसे चेहरे मी पहिल्यांदाच कोल्हापूरबाहेर बघितले. आपण त्याला ईर्ष्या म्हणतो. पुस्तकात त्या शब्दाचा अर्थ मत्सर असा दिलेला असतो, पण आपल्याकडं ईर्ष्येनं खेळणं हे कौतुकाचं असतं.

या ईर्ष्येचं मूळही आपल्याकडच्या बांधाच्या भांडणासारखंच आहे. १८३५ साली टोलेडो गाव नि त्याच्या आसपासची जमिनीची चिंचोळी पट्टी कुणाची, यावरून ओहायो नि मिशिगननं चक्क सैन्य उभं केलं. लढाई म्हणावी अशी झालीच नाही. रक्त सांडलं ते एका शेरीफच्या माणसाचं, तेही खिशातल्या चाकूनं, आणि तोही जगला. शेवटी पट्टी ओहायोला मिळाली. मिशिगनला राज्याचा दर्जा नि भरपाईदाखल वरचा जंगलाचा मुलूख मिळाला. पुढं त्या जंगलात तांबं नि लोखंड निघालं, ही गोष्ट ओहायोवाले फारशी सांगत नाहीत. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ मधला. म्हणजे बांध आधीचा, खेळ नंतरचा.

तर २००६. दोन्ही संघ त्या मोसमात एकही सामना हरले नव्हते. ओहायो स्टेट देशात पहिला, मिशिगन दुसरा. या दोघांची गाठ अशी पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना त्याआधी कधी पडली नव्हती. त्यात आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेमबेकलर वारले. गाव नुसतं तापलं होतं. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर मिशिगनहून आलेला एक जण बसायचा. मी त्याला डिवचलं, "लावतोस का शंभर?" तो म्हणाला, "लावतो, पण मला सात गुण दे." मला काही कळेना. त्यानं समजावलं, की तुझा संघ सातपेक्षा जास्त गुणांनी जिंकला तर शंभर तुझे, त्याहून कमी फरकानं जिंकला किंवा हरला तर माझे. मी मनात म्हटलं, हा सामना हरणार हे स्वतःच कबूल करतोय आणि वर पैसे लावतोय. खुळाच दिसतोय.

शेवटची साडेपाच मिनिटं उरली होती तेव्हा ओहायो स्टेट ४२-३१ असा पुढं होता. अकरा गुण. माझे शंभर खिशात पडल्यातच जमा. मग दोन मिनिटं सोळा सेकंद राहिले असताना मिशिगननं टचडाऊन केला, आणि वर दोन गुणांचा जादा डावही साधला. ४२-३९. त्यांनी चेंडू परत मिळवायचा प्रयत्न केला तो फसला, आणि सामना संपला. ओहायो स्टेट जिंकला. लाखभर माणसांपैकी निम्मी मैदानात उतरली. ज्या मित्राकडं बसून बघत होतो त्याच्या घरातली म्हातारी आजी सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. आणि मी? मी त्या दोन गुणांच्या जादा डावाला शिव्या घालत बसलो होतो. खरं तर त्या दोन गुणांशिवायही मी हरलोच असतो, तेवढीसुद्धा बेरीज जागेवर नव्हती. सगळं गाव जिंकलं होतं, आणि ज्यानं त्या गावावर पैसे लावले होते तो हरला होता.

पिंट्या, ते शंभर डॉलर मी कधीच विसरलो. पण या गावानं दाखवलेला सगळ्यात मोठा आनंद माझ्या वाट्याला आला नाही, तो माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला, हे अजून खुपतं.

जाता जाता एक गंमत. त्याच संध्याकाळी ओहायोच्या सरकारी लॉटरीत चार अंकी आकडा निघाला तो ४-२-३-९. सामन्याचा गुणफलकच! कितीतरी जणांनी हौसेनं तोच आकडा लावला होता, आणि सरकारला वीस लाखांहून जास्त डॉलर वाटावे लागले. मला आमचे एक काका आठवले. ते मटका लावायचे; स्वप्नात साप दिसला की एक आकडा, विहीर दिसली की दुसरा. त्या काकांना मी हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग? मी काय वेगळं सांगत होतो?" तुला माहीत आहे का, मुंबईतला आकड्यांचा जुगार मुळात अमेरिकेतूनच यायचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडताना नि बंद होताना काय भाव निघतो, त्यावर मुंबईत पैसे लागायचे. ते दर यायचे बंद झाले तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायची युक्ती निघाली आणि मटका हे नाव पडलं. ओपन आणि क्लोज हे शब्द त्या कापसाचे.

आता तुझ्या वाक्याकडं येतो.

मी पोटासाठी काय करतो ते तुला ठाऊक आहे. विमा कंपनीत जोखमीचे दर ठरवतो. म्हणजे आयुष्यभर मी बुकीचंच काम केलंय, फक्त टाय लावून. त्यामुळं काउंटरच्या आतल्या बाजूनं ही गोष्ट कशी दिसते ते सांगू शकतो. बाहेरचा माणूस विचारतो, कोण जिंकणार? आतला माणूस हा प्रश्न विचारतच नाही. तो विचारतो, कुठल्या अंकावर निम्मी माणसं इकडं नि निम्मी तिकडं जातील? तो अंक म्हणजे स्प्रेड. शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या माणसाला १९४० च्या दशकातल्या या युक्तीचं श्रेय देतात, आणि तो एके काळी गणिताचा मास्तर होता यात मला तरी नवल वाटत नाही. बलाढ्य संघ नि किरकोळ संघ यांच्या सामन्यावर कोण पैसे लावणार? पण बलाढ्य संघाच्या डोक्यावर वीस गुणांचं ओझं ठेवलं की सामना पुन्हा बरोबरीचा होतो, आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक येतं.

म्हणजे "घरचं मैदान" हे तुझं कारण त्या अंकात आधीच मोजलेलं आहे. घरच्या मैदानाचे दोन-तीन गुण असतात, हे काउंटरच्या आत शेंबडं पोरही जाणतं. नव्या खेळाडूचा दुखावलेला गुडघा मोजलेला आहे, वारा मोजलेला आहे, थंडी मोजलेली आहे. आणि हे सगळ्यात काटेकोर कुठं मोजतात? जिथं सगळ्या देशाचे डोळे नि पैसे असतात तिथं. कुठल्या तरी आडगावच्या दोन कॉलेजांच्या सामन्यात बुकीची नजर चुकेलही. ओहायो स्टेट-मिशिगनमध्ये चुकायची नाही. तू कोलंबसमध्ये राहतोस, रोज स्टेडियमवरून जातोस, तुझ्या वर्गातला एक जण संघाच्या बँडमध्ये वाजवतो, यातलं काहीही तुला जादा माहिती देत नाही. देतं ते फक्त प्रेम. आणि बुकीला तेच गिऱ्हाईक आवडतं, कारण ते भाव विचारत नाही. सणाच्या आदल्या दिवशी झेंडूची फुलं घेणाऱ्यासारखं.

आता गंमत बघ. तू जिंकलास तो सामना कुठं झाला? ॲन आर्बरला. परक्या मैदानावर! ओहायो स्टेट साधारण दहा गुणांनी वरचढ धरला होता, जिंकला अठरांनी. घरच्या संघाच्या विरुद्ध पैसे लावून जिंकलास आणि त्यातून धडा काय घेतलास, तर घरच्या संघावर डोळे झाकून लावायचे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, तू अजून पुण्यात होतास. सामना इथं होता. ओहायो स्टेट देशात दुसरा. मिशिगन अकरापैकी पाच सामने हरलेला, क्रमवारीत नावच नाही, दोन चांगले खेळाडू बाहेर बसलेले. अंक वीसच्या आसपास गेला होता. या सामन्यात एवढं अंतर क्वचितच दिसतं. माझ्या ओळखीतल्या कुणालाही शंका नव्हती. मध्यंतराला १०-१०. ओहायो स्टेटच्या किकरचे दोन सोपे फील्ड गोल हुकले. शेवटची पंचेचाळीस सेकंदं उरली असताना मिशिगननं एकवीस यार्डांवरून तीन गुण मारले. १३-१०. मग मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून मारामारी, पोलिसांचा तिखट फवारा, आणि दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. त्याच ओहायो स्टेटनं जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ असं हरवून देशाचं विजेतेपद पटकावलं. म्हणजे नोव्हेंबरात ज्यांनी "आपलाच संघ सरस" असं म्हणून पैसे लावले, त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तो संघ नुसता मिशिगनपेक्षा नव्हे, देशात सगळ्यांपेक्षा सरस निघाला. आणि त्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. अंदाज बरोबर येऊनही पैज हरता येते, हे मला २००६ मध्ये अर्धंच कळलं होतं. २०२४ नं उरलेलं शिकवलं.

तू म्हणशील, मामा सोयीचे सामने निवडून सांगतोय. सांगतोयच. २००८ मध्ये याच मैदानावर ओहायो स्टेटनं मिशिगनला ४२-७ असं धुतलं होतं. २०१८ मध्ये तर घरचा संघ कच्चा धरला होता आणि त्यानं ६२ गुण चोपले. मी यादी कशीही लावली तरी एक बाजू जड दाखवू शकतो. तूही शकतोस, आणि ते तुझं ॲपही शकतं. म्हणून यादी राहू दे. हिशोब बघ.

शंभर जिंकायला एकशे दहा लावावे लागतात. तुझ्यासारखे शंभर जण आले, निम्मे हरले, निम्मे जिंकले. हरलेल्यांचे साडेपाच हजार आले, जिंकलेल्यांना पाच हजार गेले, पाचशे गल्ल्यात राहिले. सामना कुणीही जिंको. नुसतं बरोबरीत सुटायला तुला शंभरातले त्रेपन्न सामने बरोबर सांगावे लागतील. चार सामन्यांची माळ लावलीस, ज्याला पार्ले म्हणतात, तर सोळांत एकदा लागायची गोष्ट, आणि हातात पडतात सव्वातेरा पट. बिस्किटाच्या पुड्याची आठवण होते खरी, पण हा पुडा उघडल्यावर निम्मी बिस्किटं आधीच कुणी खाल्लेली नसतात, फक्त सहातलं एक. म्हणूनच कळत नाही.

आणि तू तर विद्यार्थी व्हिसावर आहेस. हे तुला त्या ॲपच्या जाहिरातीत कुणी सांगणार नाही. अमेरिकी माणूस जुगारातलं हरलेलं काही प्रमाणात जिंकलेल्यातून वजा दाखवू शकतो. करखात्याच्या दृष्टीनं तू अनिवासी परदेशी, तुला तसं करता येत नाही. जिंकलेल्यावर सरळ तीस टक्के कर, हरलेलं तुझं तुझ्यापाशी. म्हणजे शंभर जिंकलास तर सत्तर तुझे, हरलास तर एकशे दहा गेले. मांड गणित: नुसतं जागच्या जागी राहायला शंभरातले बासष्ट सामने बरोबर यायला हवेत. एवढं जमणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि असलाच तर तो शिष्यवृत्तीवर डेटा सायन्स शिकत बसणार नाही. शिवाय ते नव्वद डॉलर तू मार्चमध्ये कराच्या फॉर्मात दाखवलेस का, हे मी विचारत नाही. तू स्वतःला विचार.

भारतातून तुझ्या बाबांनी पाठवलेल्या पैशांबद्दलही एक ओळ. परकीय चलनाचे जे नियम २००० साली आले, त्यात कशासाठी पैसे बाहेर पाठवायचे नाहीत याची यादी आहे, आणि त्यात लॉटरीच्या तिकिटांच्या जोडीनं 'फुटबॉल पूल' असं स्पष्ट लिहिलंय. तो विलायतेतला जुना प्रकार, त्यांचा फुटबॉल पायानंच खेळायचा. पण दिल्लीत बसून कुणा बाबूनं तुझी आधीच आठवण काढून ठेवली होती असं मला ते वाचताना वाटलं.

इथं ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे, एकवीस पूर्ण झाली की झालं, आणि तू तेवीसचा आहेस. तेव्हा लावू नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस. मीही ऐकलं नव्हतं. एक मात्र डोळ्यांसमोर ठेव. २०२४ मध्ये ज्याचे दोन फील्ड गोल हुकले तो पोरगा तुझ्याच वयाचा, तुझ्याच विद्यापीठातला. त्या रात्री लोकांनी मोबाइलवर काय काय लिहिलं असेल ते तू कल्पनेनं जाण. विद्यार्थी खेळाडूंना पैसे हरलेले लोक धमक्या देतात, म्हणून तर ओहायोनं त्याच वर्षी एकट्या-दुकट्या कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर पैज घेणं बंद केलं. घरभाडं लावून तू टीव्हीसमोर बसशील तेव्हा तो चेंडू खांबांच्या बाहेर जाताना तुला आपला पोरगा दिसेल की आपलं भाडं दिसेल? मला २००६ मध्ये सात हा अंक सोडून काहीच दिसलं नव्हतं.

सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. सकाळी दहालाच ये, बाराला सुरू होतो. मामी तांबडा-पांढरा करणार आहे. मटण मी आदल्या दिवशी आणून ठेवतो. येताना इंडियन ग्रोसरीतून कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन ये, आमच्याकडची थंडीनं गेली. सोबत त्या बँडवाल्यालाही आणायचं असेल तर आण, पण तो त्या दिवशी मैदानावरच असेल म्हणा.

आणि पैज हवीच असेल तर माझ्याशी लाव. जेवणानंतरची सगळी भांडी, कुकर नि रश्श्याचं पातेलं धरून, हरेल त्यानं घासायची. डिशवॉशर लावायचा नाही. किती गुणांचा फरक धरायचा तो अंक तू ठरव. काय धरायचा तो धर, वीस, दहा, तीन. तू अंक सांगितलास की बाजू मी निवडणार.

तुझा,
मामा

ता. क. - आई विचारील. तिला सांग, मामानं सामन्याला जेवायला बोलावलंय.